अस्तरातली घरं

टिल्लू सहा फूट उंच होता. जन्मला तेव्हा मुठीएवढा, जगतो की नाही अशी चिंता लावणारा, म्हणून कुणीतरी टिल्लू म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. तिशी उलटली, दारातून आत येताना मान वाकवावी लागायला लागली, तरी टिल्लूच. त्याच्या आईला सगळा रस्ता शिवणकाकू म्हणायचा. रस्त्याकडेची एक खोली, तिच्यात दोन मशिनं, एक लांब टेबल, इस्त्री आणि दुसऱ्यांच्या कपड्यांचा ढीग, एवढं तिचं राज्य. नवे कपडे ती फारसे शिवत नसे. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, सुटलेल्यांची कंबर सैल करायची आणि वाळलेल्यांची आवळायची. "माणसं फुगतात आणि सुकतात म्हणून माझी चूल पेटते," असं ती म्हणे. नवरा कधीच गेला होता. देवाघरी नव्हे हो, दुसऱ्या घरी.

तो गेला त्याचंही कारण टिल्लूच. म्हणजे टिल्लूचा आजार. ऐन विशीत त्याच्या कानात माणसं बोलायला लागली. भिंतीतून बोलत, नळातून बोलत. ताटात विष आहे म्हणून सांगत, की हा ताट भिरकावून देई. "तू माझी आई नाहीस, तिच्यासारखी दिसणारी कुणीतरी बाई आहेस," असं तो तिला म्हणे, आणि ओरडून नाही, अगदी शांतपणे. ओरडला असता तर तिला परवडलं असतं. औषधं झाली, एक सोडून दुसरं, दुसरं सोडून तिसरं. तो गोळी जिभेखाली धरायचा आणि तिची पाठ वळली की थुंकायचा. गादीखाली, मशिनच्या ड्रॉवरमध्ये, बटणांच्या डब्यात तिला ओल्या गोळ्या सापडत. मग तिनं त्या कुटून जेवणात मिसळायला सुरुवात केली. त्याला बरोबर कळलं. झालं, मग ताटात विष आहे हे एकदाचं सिद्धच झालं! बाईच्या नाकात दम आला त्या वर्षांत.

शेवटी मनाच्या डॉक्टरांनी ती पिवळी गोळी काढली. म्हणाले, "बाकी सगळं हरलं की ही द्यायची. पण हिच्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. क्वचित एखाद्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी ही गोळी पार संपवून टाकते. त्या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. ते नसले तर साधा घसा बसला तरी माणूस दगावतो. ठरल्या वेळी रक्त तपासायचं, आणि ताप आला, घसा दुखला, तोंड आलं, तर एक दिवससुद्धा थांबायचं नाही. लगेच यायचं." मायलेकांनी माना डोलावल्या. त्या वेळी तिनं कशालाही मान डोलावली असती.

आणि गोळी लागू पडली. एकदम नाही, सावकाश. एके सकाळी टिल्लूनं चहाचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "आई, साखर कमी आहे गं." इतक्या वर्षांत पहिल्यांदा चहात विष नव्हतं, नुसती साखर कमी होती! ती डबा आणायच्या निमित्तानं आत गेली आणि ओट्याला धरून हमसून हमसून रडली. मग साखर घेऊन बाहेर आली.

त्यानंतर तो दुकानात बसायला लागला. आधी काजं-बटणं, मग हाताची शिलाई. पँटीच्या तळाची, कोटाच्या अस्तराची दुमड तो अशी घाली की बाहेरून टाका दिसेल तर शपथ. एवढ्या मोठ्या पंजात ती एवढीशी सुई बघून गिऱ्हाइकं हसायची, तोही हसायचा. टाका संपला की दोरा कात्रीनं न कापता दातानं तोडायची त्याला सवय. ती ओरडायची, "अरे, दात झिजतील!" रात्रीचं जेवण झालं की तो आपणहून तळहात पुढे करी. "आई, माझी गोळी." त्या तीन शब्दांवरून तिनं राज्य ओवाळून टाकलं असतं. वर्ष असंच सुखात गेलं.

मग टिल्लूचा घसा बसला.

आधी आवाज घोगरा झाला. मग घास गिळताना तो डोळे मिटून घ्यायला लागला. "काय रे?" तिनं विचारलं. "काही नाही, फ्रिजमधलं पाणी प्यायलो." "मग गुळण्या कर." त्यानं मिठाच्या गुळण्या केल्या. बस्स, एवढंच बोलणं. डॉक्टरांचं ते वाक्य दोघांनीही आपापल्या कानांनी ऐकलं होतं. घसा म्हणजे रक्त, रक्त म्हणजे गोळी बंद, आणि गोळी बंद म्हणजे काय, हे त्या घरात कुणाला शिकवायला नको होतं. तिनं कानाडोळा केला. तुम्ही म्हणाल, आई असून? अहो, आई होती म्हणूनच. काही दिवसांनी तो टेबलापाशीच कोसळला, अंगात चटका बसेल असा ताप.

गाडी दाराशी आली तेव्हा तो धड उभा राहत नव्हता, पण खुंटीवरचा आपला जाड कोट घातल्याशिवाय हलेना. त्यानं स्वतःच जुन्या तुकड्यांतून शिवलेला, आत कापूस भरलेला कोट. थंडी भरलीय बिचाऱ्याला, असं तिला वाटलं.

इस्पितळात रक्ताचे डॉक्टर होते, किडकिडीत, बोलता बोलता चष्मा पुसणारे. त्यांनी कागद तिच्यापुढे धरला. "हजारांनी असायला हव्यात त्या पेशी. तुमच्या मुलाच्या जवळजवळ नाहीतच." गोळी त्याच क्षणी बंद झाली. टिल्लूला एकट्याच्या खोलीत ठेवलं. आत जायचं तर हात कोपरापर्यंत धुवायचे, झगा, टोपी, मास्क, हातमोजे चढवायचे. फुलं नाहीत, फळं नाहीत, बाहेरचं काहीसुद्धा नाही. एका नळीतून जंतू मारायची औषधं, आणि रोज पोटाच्या कातडीत एक इंजेक्शन. "हाडांच्या आत रक्त तयार होतं ना, तो कारखाना बंद पडलाय," डॉक्टर म्हणाले. "या इंजेक्शननं तो पुन्हा चालू करायचा. गोळी थांबली आहे, तेव्हा चालू होईल. तोवर एकही जंतू आत शिरता कामा नये."

मनाचे डॉक्टर तिला बाजूला घेऊन बोलले. "गोळी अशी अचानक तोडली की जुना आजार उसळतो. मी दुसरं औषध सुरू केलंय, पण ते पूर्वीही लागू पडलं नव्हतं. मनाची तयारी ठेवा."

"मग हा बरा झाला की पुन्हा हीच गोळी द्या ना. थोडी कमी द्या."

"कधीच नाही. पुन्हा दिली तर पेशी याहून लवकर जातील. ही गोळी त्याच्यासाठी संपली."

तिनं मनाची तयारी ठेवली. रोज हात धुताना ती आज तो आपल्याला ओळखणार नाही असं धरूनच आत जाई. आणि रोज तो मास्कवरच्या तिच्या डोळ्यांकडे बघून घोगऱ्या आवाजात म्हणे, "या शिवणकाकू! काय हे, टोपी बघा केवढी. माप कुणी घेतलं?" तोंड आतून फोडांनी सोललेलं, पाणी गिळताना डोळ्यांत पाणी येई, पण बोलणं टिल्लूचं. नळाला तो घाबरत नव्हता. भिंतीकडे कान लावत नव्हता. वॉर्डातली सिस्टर कडक बाई, तीसुद्धा म्हणाली, "काकू, मी अशा पेशंटची गोळी सुटल्यावर काय काय पाहिलंय. पण तुमचे टिल्लूमास्तर म्हणजे नवलच."

फक्त पेशी येत नव्हत्या. इंजेक्शनं चालली होती, हाडं ठणकत होती, ताप उतरे आणि पुन्हा चढे, आणि कागदावर जवळजवळ शून्य ते शून्यच. रक्ताचे डॉक्टर हल्ली चष्मा जास्तच पुसायचे. "आत्तापर्यंत हालचाल दिसायला हवी होती," ते म्हणाले. "हाडातलं रक्त काढून बघावं लागेल. कदाचित मूळ दुखणं वेगळंच असेल."

तिला त्यातलं अर्धं ऐकूच येत नव्हतं. कारण तिच्या मनात एक भलताच दिवा लागला होता. गोळी नाही आणि टिल्लू शहाणा आहे! म्हणजे आजार गेला! कायमचा गेला! या तापात जळून गेला असेल, कुणी सांगावं? पेशी काय, येतील आज ना उद्या, डॉक्टर आहेत ना. बसमध्ये बसल्या बसल्या ती स्वतःशीच हसायची. वेडी बाई. पण तेवढे चार दिवस तिला आभाळ ठेंगणं झालं होतं, आणि ते मी तिच्याकडून काढून घेणार नाही.

मग एका सकाळी सिस्टरनं कोट तिच्या हातात दिला. रात्रभर ताप चढलेला, टिल्लू ग्लानीत होता, तेवढ्यात त्याचं अंग पुसून त्यांनी तो उतरवला होता. "पहिल्या दिवशी गडबडीत राहून गेला आणि नंतर हा बाबा तो सोडेचना. घामानं बघा कसा झालाय. उकळत्या पाण्यात धुवा, कडक इस्त्री करा, मगच आणा."

दुपारी दुकानाचं दार ओढून घेऊन तिनं पाणी तापत ठेवलं. कुठलाही कपडा पाण्यात घालण्याआधी खिसे उलटे करायचे आणि सगळ्या शिवणींवरून बोट फिरवायचं, ही तिची जन्माची सवय. कुठे उसवलंय का बघायला. खालच्या दुमडीवर तिचं बोट थांबलं. पुन्हा मागे आलं. अस्तराला आतून बारीक बारीक घरं पाडली होती, एकाला लागून एक. टाके टिल्लूचे होते. ते टाके तिनं अंधारातही ओळखले असते. काही घरं बंद होती आणि त्यांत काहीतरी टणक लागत होतं. बाकीची उघडी, रिकामी, आणि दोऱ्याची टोकं दातानं तोडलेली.

तिनं एक घर उसवलं. पिवळी गोळी टेबलावर पडली आणि घरंगळत खडूपाशी जाऊन थांबली.

पेशी का येत नाहीत आणि टिल्लू शहाणा का आहे, या दोन्हींचं उत्तर एकच होतं आणि ते तिच्यासमोर टेबलावर पडलं होतं. घसा बसला तेव्हाच त्यानं हे शिवलं होतं. ती गुळण्या कर म्हणत होती, तेव्हा तो मागच्या खोलीत बसून घरं पाडत होता. ती जमिनीवर बसली आणि पाणी उकळून उकळून अर्धं होईपर्यंत तिथंच बसून राहिली.

संध्याकाळी ती आत गेली तेव्हा तो जागा होता. त्यानं तिच्या हातांकडे पाहिलं, मग डोळ्यांकडे.

"कोट कुठाय?"

"भिजत घातलाय."

"सापडल्या म्हणजे."

"अरे गाढवा," ती म्हणाली, "दहा-बारा वर्षं थुंकल्यास. माझ्या बटणांच्या डब्यात थुंकल्यास. आणि आता चोरून खातोस?"

त्याला हसू फुटलं. तिलाही फुटलं. मास्कच्या आत ती हसत होती आणि मास्क ओला होत होता. मग त्याला ठसका लागला आणि टॉवेलवर रक्ताचा डाग उमटला.

"राहिलेल्या दे," तो म्हणाला.

"मरशील रे."

"मरेन. पण मी मरेन ना, आई. तो आला ना, तर तो मरायचा नाही. पन्नास वर्षं जगेल. तुझी ताटं भिरकावत."

"तो-बीतो कुणी नाही. तो तूच असतोस."

"तुला बाहेरून दिसतं. मी आत असतो." तो दमला. "मला तिथं परत पाठवू नकोस. मी एवढंच मागतोय. आणि समजा गेलोच, तर मी तुला आई म्हणणार नाही. माहीतय मला. तुझ्या हातचं पाणी घेणार नाही, घाण घाण बोलेन. त्याची माफी आत्ताच मागून ठेवतो. तेव्हा मला मागता येणार नाही."

"गप बस."

"सांगणार नाहीस ना डॉक्टरांना? घाल माझ्या डोक्यावर हात."

तिनं हातमोजा घातलेला हात त्याच्या डोक्यावर ठेवला. केस घामानं चिकट झाले होते, ते रबरातूनही कळत होतं. "नाही सांगत," ती म्हणाली.

त्याचा जीव भांड्यात पडला. चेहराच सैल झाला. "दुकानात काय चाललंय?" त्यानं विचारलं. मग तिनं सांगितलं. त्या बेकरीवाल्यानं पुन्हा पँट आणलीय, कंबर पुन्हा सैल करायची, आता कापडच उरलं नाही, मागे दुसरा तुकडा जोडावा लागेल. त्यावर त्यानं कुठला तुकडा, कुठल्या रंगाचा, हे नीट समजावून सांगितलं. तिनं उगाचच दोन-तीन प्रश्न विचारले. उत्तरं तिला माहीत होती. त्याला वाटत होतं की उद्याही बोलायचंय. तिला ठाऊक होतं की हे शेवटचं आहे, आणि ती त्याचा एकेक शब्द कानात साठवून घेत होती.

बाहेर येऊन तिनं झगा उतरवला, टोपी उतरवली. रक्ताचे डॉक्टर हाडाच्या तपासणीच्या सहीचा कागद घेऊन तिचीच वाट बघत उभे होते. तिनं पर्स उघडली आणि सगळ्या पिवळ्या गोळ्या त्या कागदावर ठेवल्या. "तपासणी नको," ती म्हणाली. "तो ह्या खात होता." डॉक्टरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

मग सगळं डॉक्टर म्हणाले तसंच झालं. थोड्या दिवसांनी कागदावर पेशी दिसल्या, मग वाढल्या, मग वाढतच गेल्या. ताप गेला. तोंडातले फोड सुकले. ज्या दिवशी आकडा बराच वर गेला, त्या दिवशी टिल्लू भिंतीला कान लावून बसला होता. सिस्टरला ते दिसत होतं, तरी तिनं शिवणकाकूंचा हात धरून म्हटलं, "काकू, जीव वाचला हो त्याचा." रक्ताच्या डॉक्टरांनीही अभिनंदन केलं. ते खरंच खूश होते, आणि का असू नयेत? मुलगा मरता मरता वाचला होता. तिनं हात जोडले. काचेपलीकडून टिल्लू तिच्याकडे बघत होता, अनोळखी बाईकडे बघावं तसा.

घरी आणला. वजन चढलं, गालावर तजेला आला. रस्त्यात भेटलेला माणूस म्हणे, "वा काकू, पोरगा ठणठणीत झाला की!" आत दार लावून टिल्लू घरातल्या सगळ्या शिवणी उसवत बसे. पडदे, उशांचे अभ्रे, गिऱ्हाइकांचे कोट. "तू यात काहीतरी शिवलंयस," तो म्हणे. "ते मला सांगतात." गिऱ्हाइकं भांडायला लागली, मग येईनाशी झाली. आता ती दिवसभर तेच शिवायची जे त्यानं आदल्या दिवशी उसवलेलं असे. पाणी तो नळाचंही घेत नसे, तिच्या हातचं तर नाहीच. रस्त्यावरून विकत आणलेली सीलबंद बाटली ती त्याच्यापुढे ठेवी आणि स्वतः दुसऱ्या खोलीत जाई, तेव्हा कुठे तो पिई. कधी कधी तिच्या मनात येई, त्या दुपारी शिवणीवरून बोट फिरवलंच नसतं तर? मग तिची तिलाच भीती वाटे आणि ती उठून काहीतरी घासत बसे.

तो कोट तिनं कपाटाच्या तळाशी ठेवला होता. एके दिवशी टिल्लूला तो सापडला.

तो टेबलापाशी बसून दुमडीवरून बोट फिरवत होता. घरांपाशी बोट थांबलं. त्यानं एक घर चाचपलं, मग पुढचं, मग सगळी. ती दाराशी उभी होती. श्वास घ्यायचीही तिला भीती वाटत होती. कारण त्याचा चेहरा बदलला होता, काहीतरी आठवल्यासारखा.

"रिकामी आहेत," तो म्हणाला.

"हो रे."

"इथं गोळ्या होत्या. माझ्या."

"होत्या." ती दोन पावलं पुढे आली. "टिल्लू..."

"कुणी काढल्या?"

खोटं बोलता आलं असतं. एकदा बोलून झालंच होतं, त्याच्या डोक्यावर हात ठेवून. "मी काढल्या," ती म्हणाली.

त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, कपाळापासून पायांपर्यंत, आणि मग समजूतदारपणे मान हलवली.

"म्हणूनच," तो शांतपणे म्हणाला. "माझी आई असती तर तिनं काढल्या नसत्या."

त्यानं कोट बाजूला सारला आणि हात पुढे केला, तसा तिनं खिडकीचा पडदा उतरवून त्याच्यासमोर ठेवला. आज सकाळीच तिनं त्याची दुमड नव्यानं शिवली होती. तो वाकून टाके उसवायला लागला, आणि मधेच अडकलेला दोरा त्यानं दातानं तोडला.